व्यासपीठावरचे पुस्तक, बाकावरचे पुस्तक

नवी मुंबईत रविवारची सकाळ चार-पाच भाषांत उजाडते. वाशीच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये मिस्सा, नेरुळला सिरो-मलबार पंथाची मल्याळम उपासना, कुठे तमीळ, कुठे तेलुगू, आणि घणसोली-कोपरखैरण्याकडे एखाद्या शाळेच्या सभागृहात नाहीतर भाड्याच्या गाळ्यात ढोलकी आणि कीबोर्डवर रंगलेली हिंदी-मराठी सरमिसळ भक्ती. शहर तसे कोवळेच. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेऊन हे शहर आखले गेले. योगायोग असा, की त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. नगर, सोलापूर, जालना, कोल्हापूरकडून नोकरीसाठी इकडे आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना शहरही नवे होते आणि चर्चवरची पाटीही नवी. पुस्तके मात्र त्यांनी गावाकडचीच आणली.

उपासना संपून चहा-बिस्किटे सुरू झाली की बऱ्याच चर्चच्या दाराशी पुस्तकांचे टेबल लागते. ते जरा निरखून पाहावे. एका कडेला चेनच्या कव्हरातली बायबले, वचने छापलेली कॅलेंडरे, ‘उपासना संगीत’च्या प्रती, मुलांनी रंगवायची नोहाची तारवे. ही बाजू आज्यांची, आयांची आणि संडे स्कूलच्या पोरांची. दुसऱ्या कडेला विल्यम बार्कले या स्कॉटिश पंडिताची नव्या करारावरची भाष्ये, कॅलिफोर्नियाच्या रिक वॉरन यांचे ‘द पर्पज ड्रिव्हन चर्च’, मंडळी कशी वाढवावी, युवकांना कसे धरून ठेवावे, नेतृत्व कसे करावे हे सांगणारी अमेरिकी पुस्तके, नाहीतर त्यांची घाईने केलेली भाषांतरे. या बाजूला पाळक, वडीलजन आणि युवक संघाचे पुढारी रेंगाळतात. थोडक्यात, बाकावर बसणाऱ्यांसाठी जे आहे ते मराठी आणि जुने, व्यासपीठावर उभे राहणाऱ्यांसाठी जे आहे ते नवे आणि परके.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. डॉक्टर इंग्रजी ग्रंथ वाचतो आणि गोळी कधी घ्यायची ते मराठीत सांगतो. पाळकानेही तसेच करावे. पण रोग्याला औषधाचे शास्त्र कळले नाही तरी गुण येतो. श्रद्धेचे तसे नाही. ज्याला ती घ्यायची आहे त्याला ती समजावीही लागते, निदान समजण्याची धडपड तरी करावी लागते. म्हणून धर्माचे पुस्तक कोणासाठी लिहायचे, सांगणाऱ्यासाठी की ऐकणाऱ्यासाठी, हा प्रश्न प्रकाशकाच्या सोयीचा नाही. तो धर्मतत्त्वाचाच प्रश्न आहे.

बायबलमध्येच तो आलेला आहे. विश्वासाचा उगम पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ऐकण्यात मानला, वाचण्यात नाही. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तर सगळे दृश्यच उभे आहे. पाणीवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर उभा राहून एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लोक उभ्याने ऐकतात, आणि लेवी गर्दीत मिसळून त्यांना अर्थ समजावून देतात. प्रेषितांच्या कृत्यांत कूशी देशाचा एक अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत चालला आहे. वाचलेले समजते का, असे फिलिप्प विचारतो तेव्हा तो सरळ सांगतो, की कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार? ग्रंथ हातात आहे, वाचताही येते, तरी माणूस हवा. या माणसाला अधिकार किती, यावरून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पाचशे वर्षे भांडले. कॅथलिकांनी अर्थाची किल्ली चर्चच्या परंपरेकडे ठेवली, प्रॉटेस्टंटांनी ती प्रत्येकाच्या हाती दिली. मराठी मुलखात मात्र दोघांनाही एकच अडचण आली: किल्ली कोणाकडेही असो, कुलूप मराठी होते.

अडचण नवी नाही, आणि तिच्यावरचा सर्वांत सोपा उपाय तर राजाज्ञेनेच करून झालेला आहे. १५४७ मध्ये इंग्लंडात आर्चबिशप क्रॅनमर यांच्या देखरेखीखाली बारा तयार उपदेशांचे एक पुस्तक निघाले. खेड्यापाड्यांतल्या पाळकांना उपदेश करता येत नव्हता, आणि ज्यांना येत होता ते काय बोलतील याचा सरकारला भरवसा नव्हता. म्हणून पुस्तकच उघडून रविवारी ओळीने वाचायचे. व्यासपीठासाठी तयार माल, ऐकणाऱ्याचा विचार शून्य. हे पुस्तक निघाल्यानंतर एक-दोन वर्षांतच विल्टशायर परगण्यात एक मूल जन्मले. त्याने पुढे इंग्लंड सोडले, रोमला जाऊन येशू संघात प्रवेश केला आणि १५७९ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले. तेच फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांनी गोव्यात, मुख्यतः तिथल्या साष्टीत, चाळीस वर्षे काढली. राज्यकर्ते पोर्तुगीज, धर्मांतराला तलवारीची सावली, जुनी देवळे पाडलेली, जुने ग्रंथ जाळलेले किंवा बंदी घातलेले. हा इतिहास झाकून त्यांनी रचलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्या पुराणाच्या आरंभीच हा घाव उघडा ठेवला आहे, हे विशेष. एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीपुढे गाऱ्हाणे घालतो. तुमची प्रश्नोत्तरे चांगली आहेत, आम्ही ती शिकतो. पण आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, आता आम्ही ऐकायचे काय? स्टीफन्सना हे म्हणणे पटले. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात नवा. १६१६ मध्ये रायतूरला ते पुस्तक छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. ते पाडून मिळावेत अशी विनंती त्यांनी रोमला लिहिलेल्या पत्रात केली होती, पण ती काही फळाला आली नाही.

आता हे पुस्तक कोणासाठी होते? चर्चमध्ये सणावारी आणि रविवारी ते मोठ्याने गाऊन वाचले जाई. म्हणजे वाचणारा एक, ऐकणारे शंभर. वाचणाऱ्याला त्यातून धर्मशिक्षण मिळे आणि ऐकणाऱ्याला कथा. एकाच ओवीत दोघांची सोय. स्टीफन्स यांनी मुलांसाठी कोकणीत प्रश्नोत्तरावली केली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाली. पाद्र्यांसाठी कोकणीचे व्याकरण केले, ते १६४० मध्ये छापले गेले. तिन्ही पुस्तके कामाची. पण लोकांच्या तोंडी राहिले ते पुराण.

त्याची परीक्षाही कठोर झाली. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलायला लागावे. स्थानिक भाषेतल्या धर्मग्रंथांवरची मर्जी उडाली. छापील प्रती हरवल्या. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज जगात सापडत नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांत आणि गळ्यांत. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते कानडा जिल्ह्यात नेले. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा १७९९ पर्यंतच्या त्या बंदिवासात ना धर्मगुरू धड होते ना चर्च, आणि लोकांना या ओव्यांचा आधार होता, असे तिकडे परंपरेने सांगतात. १९०७ मध्ये मंगळूरलाच जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखिते जुळवून पुराण पुन्हा छापले. देवनागरीत ते मराठी वाचकाच्या हाती यायला १९५६ साल उजाडावे लागले. शांताराम बंडेलू यांची आवृत्ती पुण्यात निघाली. पुढाऱ्यांवाचून मंडळी तगून राहिली, ती त्या पुस्तकामुळे. उलट घडल्याचे, म्हणजे मंडळीवाचून पुढाऱ्यांचे पुस्तक तगल्याचे, एकही उदाहरण मराठीत आठवत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांचा भर ओवीवर नव्हता, छापखान्यावर होता. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत आले, १८१७ मध्ये त्यांच्या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली, १८२६ मध्ये नवा करार आला. १८४१ मध्ये हरि केशवजींनी बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे मराठी केले, आणि पुढच्याच वर्षी अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. मराठी मुद्रणावर या मंडळींचे उपकार आहेत, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. हस्तपत्रिका बाजारात, जत्रेत, नदीच्या घाटावर वाटल्या जात. पण वाचणारे किती होते? कागद हातोहात गेले. त्यांतले किती वाचले गेले आणि किती वाण्याच्या पुड्यांना लागले, याची नोंद कोणत्याही मिशनच्या अहवालात सापडायची नाही.

याच छापखान्यांच्या काळात बाबा पदमनजी झाले. बेळगावात १८३१ मध्ये जन्म, १८५४ मध्ये बाप्तिस्मा, १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’. विधवांच्या स्थितीवरचे हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानले जाते, म्हणून शाळा-कॉलेजांत त्यांचे नाव घेतले जाते. पण या माणसाने नव्या करारावर मराठीत भाष्यही लिहिले, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. म्हणजे पाळकाच्या टेबलावर ठेवायचे पुस्तक, मराठी माणसाने, मराठी वाचकाच्या शंका डोळ्यांपुढे ठेवून, सव्वाशे वर्षांपूर्वीच लिहिले होते. सुरुवात झाली होती. ती तिथेच थांबली, आणि नंतरच्या पिढ्यांनी भाष्ये बाहेरून आणण्यात समाधान मानले.

थांबली नाही ती गाण्याची परंपरा. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी १८६० च्या दशकातच कीर्तनाचा बाज उचलला होता. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्यात अग्रभागी येते. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान येशूचे. काही परदेशी मिशनऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील, पण लोक बसून ऐकत. मग आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ चा जन्म, १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९१९ मध्ये मृत्यू. चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूरच पालटला. आजही ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी त्यांचे नाव दिसते. ज्या मंडळीत पाळकाचा उपदेश दारातून बाहेर पडेपर्यंत विसरला जातो, तिथेही टिळकांची दोन-चार गीते आजींना आणि नातवंडांना पाठ असतात, आणि त्या गीतांतले धर्मज्ञान काही हलके नाही. देह धारण केलेला देव, क्रूसावरचे दुःख, क्षमा, ही सगळी अवघड प्रमेये तिथे अभंगाच्या चालीत उतरली आहेत.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले आणि दहा-एक अध्यायांनंतर त्यांचे आयुष्य संपले. पुढचे चौसष्ट अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला जोडाक्षरे लिहिताना कष्ट पडत, शाळेचे तोंड जिने पाहिले नव्हते आणि धर्मशिक्षणाच्या विद्यालयाचे तर नावच नको, तिने! तिची ‘स्मृतिचित्रे’ सर्वांनी वाचलेली असतात, पण हे चौसष्ट अध्याय वाचणारे विरळा. काव्य म्हणून ते सगळीकडे सारख्या उंचीवर नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. तरी प्रश्न उरतोच: मराठी चर्चचा धर्मशिक्षक कोण? ज्याच्याकडे पदवी आहे तो, की स्वयंपाकघरातून उठून येशूची कथा पुरी करणारी ही बाई?

पंडिता रमाबाईंनी याच प्रश्नाला आपल्या पद्धतीने हात घातला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणले. डोळ्यांपुढे पंडित नव्हते, खेड्यातली साधी बाई होती. खिळे जुळवले, पाने छापली, बांधणी केली ती मुक्ती सदनातल्या मुलींनी आणि बायकांनी. एप्रिल १९२२ मध्ये काम हातावेगळे करून रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. चर्चच्या व्यासपीठावर मात्र त्याला जागा मिळाली नाही. तिथे बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले. याचे एक कारण समजण्यासारखे आहे. सामुदायिक वाचनात सर्वांच्या हाती एकच पाठ असावा लागतो, नाहीतर एक जण वाचतो आणि बाकीचे पाने चाळत बसतात. दुसरे कारण तितकेसे सोज्वळ नसावे. एका बाईने, कोणत्याही समितीला न विचारता केलेले काम मान्य करायला व्यवस्थेला जड जाते.

कॅथलिकांकडे काळ वेगळा चालला. १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातल्या केंदळ गावातून ‘निरोप्या’ मासिक काढले. पण मिस्सा लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेला दार उघडले आणि मग वाचने, प्रार्थना, गाणी सगळेच मराठीत आणण्याची लगबग सुरू झाली. त्या पिढीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो घडले. वसईच्या ‘सुवार्ता’चे ते १९८३ पासून २००७ पर्यंत संपादक होते. धर्मप्रांताचे मासिक त्यांनी सर्वधर्मीय मराठी लेखकांना खुले केले. २०१० मध्ये त्यांचे ‘सुबोध बायबल’ आले, ते कोणत्याही चर्चच्या छापखान्यातून नव्हे, तर पुण्याच्या राजहंस प्रकाशनाकडून. २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आले. राजहंसकडे जाण्याचा निर्णय वरवर व्यावहारिक वाटतो. पण त्यामुळे बायबल अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि संपादकाच्या लाल पेन्सिलीखालून गेलेले मराठी मंडळीला मिळाले. चर्चच्या आतल्या आत छापल्या जाणाऱ्या पुस्तकांना ही पेन्सिल सहसा लागत नाही. ते वाचताना कळते.

आता पुन्हा त्या टेबलाच्या दुसऱ्या कडेकडे. पाळकाची बाजू घेणेही भाग आहे. वर्षाचे ५२ रविवार, त्याखेरीज घरगुती प्रार्थना, लग्ने, अंत्यविधी, उपवासकाळातल्या संध्याकाळच्या सभा. दर वेळी नवे बोलायचे. तयार मदतीशिवाय हे कोणाला जमेल? कॅथलिक आणि इतर अनेक चर्चनी तीन वर्षांचे वाचनचक्र ठरवून दिले, त्याने निदान कोणता उतारा घ्यायचा ही डोकेदुखी वाचते. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांच्या आत आटोपा, नाहीतर लोक पेंगतात, असे धर्मगुरूंना बजावले. आपल्याकडे पाऊण तास बोलणाऱ्यांपर्यंत हा निरोप पोहोचलेला दिसत नाही.

तेव्हा मदत घेण्याला हरकत नाही. ती कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे, ते पाहिले पाहिजे. वॉरन यांनी आपल्या पुस्तकात ‘सॅडलबॅक सॅम’ नावाचा एक काल्पनिक माणूस उभा केला आहे: दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उपनगरातला सुशिक्षित, सुस्थितीतला, कर्जात थोडासा बुडालेला, चर्चला कंटाळलेला गृहस्थ. त्यांची सगळी आखणी या सॅमसाठी. त्यात त्यांची चूक काहीच नाही. त्यांनी आपला शेजारी नीट ओळखला. चूक होते ती इथे. रबाळे किंवा महापे एमआयडीसीत रात्रपाळी करणारा, घरी बौद्ध मामा आणि हिंदू सासुरवाडी असलेला, मुलगा इंग्रजी शाळेत आणि आई अजून गावाकडे असलेला माणूस बाकावर बसलेला असतो, आणि व्यासपीठावरून त्याला सॅमच्या अडचणींवरचे उपाय सांगितले जातात. जातीबद्दल अक्षर नाही, कारण सॅमला जात नव्हती. नातेवाइकांच्या घरच्या पूजेला, लग्नाला, तेराव्याला जावे की नाही, प्रसाद घ्यावा की नाही, याबद्दलही अक्षर नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला आठवड्यातून दोनदा पडणारा प्रश्न त्याच्या पाळकाच्या पुस्तकात एकदाही येत नाही.

खरे तर चर्चने आपल्या पुढाऱ्यांसाठी लिहिलेल्या सर्वांत जुन्या मार्गदर्शक ग्रंथांपैकी एकात हे सूत्र आहे. इसवी सन ५९० च्या सुमारास ग्रेगरी पोप झाले आणि त्यांनी मेंढपाळांच्या कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा सर्वांत मोठा भाग ऐकणाऱ्यांवर आहे. श्रीमंताला कसे सांगावे आणि गरिबाला कसे, आनंदी माणसाला कसे आणि खिन्न माणसाला कसे, नोकराला कसे आणि धन्याला कसे, अशा तीसहून अधिक जोड्या त्यांनी एकेक करून घेतल्या आहेत. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्या पाळकांना म्हणतो आहे की आधी बाकाकडे पाहा. आफ्रिकेतल्या विद्वानांनी २००६ मध्ये टोकुनबो अडेयेमो यांच्या संपादकत्वाखाली आपले एकखंडी बायबल-भाष्य काढले, २०१५ मध्ये ब्रायन विंटल यांच्या संपादकत्वाखाली दक्षिण आशियाचे भाष्य आले, तेव्हा त्यांच्यामागे हीच जाणीव होती. आपल्या लोकांच्या प्रश्नांसह बायबल उघडायचे. दक्षिण आशियाचे भाष्य इंग्रजीत निघाले. मराठीपर्यंतचा टप्पा मराठी माणसांनीच चालायचा आहे.

आणि आता तर पुस्तकाचीही गरज नाही असे सांगणारे भेटतात. २००८ पासून यूव्हर्जन हे बायबलचे ॲप फोनवर आहे, त्यात मराठी बायबल फुकट मिळते. पनवेलच्या लोकलमध्ये उभ्याने अध्याय वाचणारी मुलगी ही चांगलीच गोष्ट आहे. तिला अर्थ विचारायचा झाला की ती यूट्यूबवर जाते, आणि तिथे जो मोठ्याने बोलतो तो तिचा फिलिप्प होतो. पाळकही मागे नाहीत. जून २०२३ मध्ये जर्मनीतल्या फ्युर्थ शहरात प्रॉटेस्टंट संमेलनात कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली आणि पडद्यावरच्या बाहुल्यांनी चालवलेली उपासना झाली, तीनशेहून अधिक लोक बाकांवर होते. उपदेश ठाकठीक होता. काहींना मात्र तो सपाट, जीव नसलेला वाटला. म्हणजे १५४७ चे ते बारा उपदेशांचे पुस्तक आता कधीही न संपणारे झाले आहे, एवढेच. पूर्वी निदान सगळ्यांना ठाऊक असे की पाळक वाचून दाखवतो आहे.

मराठीत आपल्या लोकांच्या प्रश्नांवरची अशी पुस्तके का निघत नाहीत, याची कारणे गूढ नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडे कमी, आणि त्यांतही मल्याळी, तमीळ, गोवेकर बरेच. मराठीत वाचणारा ख्रिस्ती वाचक मूठभर. पूर्वी मिशनच्या पैशावर पुस्तके स्वस्त निघत. तो पैसा आटला. मुले इंग्रजी माध्यमात गेली. नवी मुंबईत तर सोय म्हणून उपासनाच इंग्रजी-हिंदीकडे सरकते, कारण मल्याळी जावई आणि मराठी सून एकाच बाकावर बसतात. ही सबब खोटी नाही. पण मंडळीचा जमाखर्च पाहिला तर ती अपुरी वाटते. साउंड सिस्टिम, ड्रम सेट, पडदा आणि प्रोजेक्टर, वर्धापनदिनाचा मांडव आणि बॅनर यांना पैसे मिळतात. लेखनाला मिळत नाहीत, कारण लेखन हा खर्चाचा विषय आहे असे कोणाला वाटतच नाही.

वार्षिक सभा जवळ आल्या की वडील मंडळांनी आपल्या पाळकांपुढे एक मागणी ठेवावी. वर्षभरातले बारा उपदेश त्यांनी मराठीत नीट लिहून काढावेत, आणि त्यांतले निदान चार मंडळीने स्वतः विचारलेल्या प्रश्नांवर असावेत: जात, प्रसाद, कर्ज, दारू, आंतरधर्मीय लग्न. ते संडे स्कूलच्या बाईंनी आणि मंडळीतल्या एखाद्या मराठीच्या शिक्षकाने तपासावेत, बाहेरच्या एका संपादकाला पैसे देऊन त्यांवर हात फिरवून घ्यावा, आणि तीन-चार मंडळ्यांनी मिळून त्यांची पुस्तिका छापावी. वाशी, नेरुळ, ऐरोली आणि पनवेलच्या मंडळ्यांना हा खर्च एका स्पीकरच्या जोडीपेक्षा जास्त यायचा नाही.